लाईट लागली बाप्पा!

(रंगमंचावर एक लाकडी खुर्ची. तिच्यापुढे स्टँडवर गाडीचं जुनं स्टेअरिंग आणि त्यामागे एक पिवळा बल्ब, पडदा उघडल्यापासून पेटलेला. पन्नाशीचा माणूस येतो. पांढरा शर्ट, खांद्यावर दुपट्टा. तो बल्बाकडे बघत नाही. मुद्दाम बघत नाही.)

मी कामरगावचा. तालुका कारंजा, जिल्हा वाशिम. आता जिल्हा वाशिम हाय तो कागदाले. पोटात दुखलं का आमी पयतो अमरावतीले. मानूस तथीच जाते, गाडीबी तथीच जाते. १९९८ लोक आमचे कागद अकोल्याले जात, मंग वाशिम जिल्हा झाला, आता वाशिमले जातात. कागदाचं दुखनं येगळं. त्याले कोनता डाक्टर पाह्यते?

(प्रेक्षकांकडे रोखून) तुमी सारे तिकडेच काऊन पाहून राह्यले? हे लाईट? थे काई नाई. थे असंच हाय.

बायको गाडीत बसली का इचारते, "अहो, हे लाईट?" असंच हाय. पाव्हना बसला, "भाऊ, हे लाईट?" असंच हाय. एकडाव पोलिसानं हात दाखोला. त्यानं बेल्ट पाह्यला, कागद पाह्यले, मंग खिडकीतून डोकं आत घातलं. म्हने, "हे लाईट काऊन लागली?" मी म्हनलं, साहेब, असंच हाय. थो दोन मिनिट इचारात पडला. मंग हळूच म्हने, "हाव, मायाबी गाडीत असंच हाय." आन सोडून देल्लं.

(खुर्चीवर बसतो, स्टेअरिंग धरतो.)

गाडी सेकंडहँड हाय. २०२० ची, बीएस-६, पेट्रोल, नागपूर पासिंग. इकनारा म्हने, "डाक्टरची गाडी हाय, एकहाती चालेल." आपल्या इदर्भात सेकंडहँड गाडी हमेशा डाक्टरची असते. जेवढे डाक्टर नाईत, तेवढ्या त्यायच्या गाड्या इकल्या गेल्या.

घेतली. कारंज्याले गुरुमंदिरात नेली. हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवले. परतीत गावाच्या अलीकडे... टिंग! लाईट. बायकोनं हात जोडले. म्हने, "पाहा, देव पावला. दिवा लागला!"

त्या लाईटीचं चित्र पाह्यलं काय तुमी? म्हनतात इंजिन हाय. मले त थो मोटरपंप दिसला. मी म्हनलं, अरे बाप्पा, वावरातली मोटर बंद कराची राह्यली, आन थे आता गाडीतबी दाखोते! केवढी सुधारना! तसाच वावरात गेलो. मोटर बंदच. लाईनच नव्हती.

सकायी पानठेल्यावर गोठ काहाडली. हे मात्र करू नोका. पानठेल्यावर रोग सांगाचा नाई. एक म्हने, "पेट्रोलमधी वीस टक्के इथेनॉल टाकून राह्यले, थे लागलं तिले." दुसरा म्हने, "टाकीचं झाकन ढिल्लं असन. अमेरिकेत तेवढ्यानंबी लाईट लागते." तिसरा कोनाशीच बोलत नाई, त्यानं कात लावता लावता सांगतलं, "टिकली लाव."

लावली! बायकोची मोठी, मरून. बराबर लाईटीवर. दिवसा काईच दिसे ना. पन राती टिकलीच्या चारी बाजूनं पिवया उजेड फुटला, आन निरा देवीचा मुखवटा दिसाले लागला. दोन पाव्हने त गाडीत बसताना पाया पडले.

आता खरं सांगतो, थे लाईट पिवयी हाय म्हनून हे सारे खेळ. लाल लागली, त्यातल्या त्यात थे तेलाच्या कॅनची, त तथीच थांबाचं, चाबी काहाडाची. पिवयी म्हनते, चाल, पन दाखोजो कोनाले. आन पिवयी जर लुकलुक कराले लागली, त समजाचं का इंजिन मिसफायर करून राह्यलं. न जयलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या रस्त्यानं जाते आन मधातला महागाचा डबा जायून टाकते. त्या डब्याची गोठ पुढी येते. त्या डब्यापायी आमच्या घरी दोन दिवस चूल पेटली नाई.

गावातल्या एका पोट्ट्यानं बॅटरीचं टर्मिनल काहाडलं. चहा पेला. टर्मिनल लावलं. लाईट गेली! पन्नास रुपये. मी म्हनलं, पाहा, हुशारी गावातच असते. घड्याळबी गेलं, रेडिओचे स्टेशनबी गेले, पन लाईट गेली. कारंज्याले पोचलो आन... टिंग! बेमारी गेलीच नव्हती बाप्पा, कम्प्युटरची याद गेली व्हती. आन कम्प्युटरची याद मायासारखी नाई. थे वापस येते.

मंग गेलो मिस्त्रीकडे. त्याच्यापाशी मशीन. थो स्टेअरिंगच्या खाली वाकला, तथी सोळा पिनांचं एक सॉकेट असते. गाडी घेतल्यापासून मायं गुडघं त्याच्यावर आपटे, मले वाटे गाडीले हाड हाय. त्यानं मशीन लावलं आन म्हने, "पी०१४१. पाचशे रुपये." मी म्हनलं, दुरुस्त झाली? "नाई, हे वाचाचे." अरे, माया बापानं चौथीलोक शिकोलं मले, त्याचे एवढे पैसे लागले नाई!

मी म्हनलं, वाचलं त सांग. म्हने, "मांगच्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचं सर्किट." हीटर? आमच्याकडे मे मयन्यात पंचेचाळीस डिग्री असते, कोंबडी सावलीले मानसाच्या मांगं फिरते, तथी हीटर कोनाले पाह्यजे? त म्हने, "सेन्सरले तीनशे डिग्रीच्या वर तापा लागते, तवा थो काम करते." (टाळी वाजवून) पाहा, नोकरी असावी त असी!

पन मिस्त्रीचं काय झालं, का कोडमधी सर्किट लिहेल व्हतं. सर्किट म्हनजे सेन्सर आला, वायर आली, फ्यूज आला. त्यानं सेन्सरच पाह्यला. कोडमधी नाव येते बोंबलनाऱ्याचं, मारनाऱ्याचं नाई. आपन बोंबलनाऱ्यालेच धरलं, त्यालेच काहाडून फेकलं, आन साडेचार हजाराचा नवा बोंबलनारा आनून बसोला. नवीन हाय, चार-सहा दिवस चुप राह्यला. मंग त्यानंबी बोंबलाले सुरवात केली.

(उठतो, दुपट्टा नीट करतो.)

आता अमरावती. शोरूम! काचेचं दार, थंडगार एसी. एक पोरगी आली. "सर, कॉफी?" मी म्हनलं, फुकट हाय काय? म्हने, "हो सर." हे वाक्य ध्यानात ठेवा, कारन त्या दिवशी फुकट असलेली थे एकच वस्तू व्हती.

टाय घातलेला साहेब आला. त्याच्या हातात कागद. म्हने, "सर, वायरिंग हार्नेस बदलावं लागेल, आणि एकदा हात घातलाच आहे तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही बदलून घ्या." मी म्हनलं, एकडाव हात घातलाच हाय, त मायं ऑपरेशनबी करून घ्या. हसला नाई. टाय बांधली का मानसाचं हसू घश्यात अडकत असन.

मी इचारलं, हे कन्व्हर्टर काय हाय? त म्हने, "सायलेन्सरच्या अगोदरचा डबा. विषारी धूर साफ करतो. त्याच्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतं सर." आन मायी बायको मायाच बाजूले बसून व्हती.

(बायकोच्या आवाजात, हळूहळू चढत) "प्लॅटिनम? यायच्या गाडीच्या पोटात प्लॅटिनम? पंचवीस वर्स झाले, मायी पोत एका ग्रॅमनं वाढली नाई, आन हे फटफट डबा अंगात प्लॅटिनम घालून रस्त्यानं हिंडून राह्यला?" साहेबाले वाटलं, तिले माहितीच पाह्यजे. थो म्हने, "मॅडम, २०२१ मध्ये तर ऱ्होडियम सोन्याच्या दहापटीपेक्षाही महाग झालं होतं." (डोक्यावर हात) अरे राजा, तू टाय बांधतं, इस्टिमेट लिहितं, पन लगन नाई झालं काय तुयं?

कागद पाह्यला. त्रेपन्न हजार! खाली लिहेल, "कन्झ्युमेबल्स, बाराशे." मी म्हनलं, हे कोनं खाल्लं? म्हने, "ते ग्रीस, क्लीनर, कापड..." कापड? मायं धोतर देतो, फुकट घे.

आता त्रेपन्न हजार म्हनजे किती, हे मले रुपयात कयत नाई. आमी सोयाबीनवाले. २०२५-२६ चा हमीभाव पाच हजार तीनशे अठ्ठावीस. म्हनजे जवयपास दहा क्विंटल. पन हमीभाव पेपरात भेटते. अडत्याच्या काट्यावर बारा-तेरा क्विंटल धरा. म्हनजे दोन एकर. पेरनी, डवरनी, निंदनी, फवारनी, सोंगनी, मयनी... आन थे सारं नेऊन एका पिवया लाईटीत टाकाचं.

आन हे लाईट आली कोठून? अमेरिकेतून! तथी क्यालिफोर्नियात, लॉस एंजेलिसात धूर लय झाला, लोकायच्या डोयाले पानी आलं. त सरकारनं गाडीवाल्यायले सांगतलं, गाडीनंच सांगा लागन का मी घान धूर सोडून राह्यली. १९९६ पासून तथच्या साऱ्या नव्या गाड्यायले हे सोळा पिनांचं सॉकेट. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागलं, तवा हे सोंग आनखीन कडक झालं. चांगलंच हाय बाप्पा, धूर कमी झाला पाह्यजे, मायाबी नातवाले दमा हाय. पन पाहा कसं जमलं. धूर निंघाला लॉस एंजेलिसात, डोयाले पानी आलं कामरगावात.

घरी आलो त मायीचा भाऊ हजर. म्हनजे साळा. त्याच्यापाशी डिझेल. त्याच्याबी गाडीत लाईट, पन त्याच्या लाईटीचा रुबाब येगळा. त्याचं फिल्टर चोंदलं व्हतं काजयीनं. थो गाडी घिऊन जाते कोठी? घरून बसस्टँड, बसस्टँडवरून घर. इंजिन तापतच नाई. त्याले सांगेल व्हतं, एका दमानं दूर पयव, म्हनजे सहाशे डिग्रीपर्यंत तापून काजयी आपोआप जयन. म्हने, "दाजी, चाला समृद्धी हायवेवर!"

कारंज्याच्या इंटरचेंजवरून चढलो. दोन बायका, चार पोट्टे, पोह्याचा डबा. कारखान्याले जमीन गेली का लोकं रडतात, रस्त्याले जमीन गेली का त्याच रस्त्यानं टोल देऊन हिंडतात. रस्ता मात्र भल्लाच! ११ डिसेंबर २०२२ ले नागपूर ते शिर्डी सुरू झाला, एकशेवीसची मुभा. ना बैल आडवा, ना बकरी, ना चहाची टपरी. बायको म्हने, "कोन्या देवाले चाललो?" साळा म्हने, "फिल्टरले." शेलूबाजारलोक गेलो, वापस आलो. त्याची लाईट गेली! मी त्याले मिठी मारली. घरी येऊन मायी गाडी चालू केली... टिंग.

मायाकडे पाहून मायाच बुढा बाजीवरून हसे. म्हने, "शकुंतला रेल्वे पाह्यली काय तुनं? मुर्तिजापूर, कारंजा, दारव्हा, यवतमाळ. इंग्लंडातल्या मँचेस्टरचं वाफेचं इंजिन, १९९४ लोक चाललं. त्याले लाईट एकच, तोंडावर. बिघडलं का उभं राहे. चाललं का चाले. चालूनबी बिघडलं हाय असं कवा म्हनलं नाई त्यानं." मी म्हनलं, बा, थे शकुंतला बैलाच्या चालीनं जाये. बुढा म्हने, "जाये ना. पन जाये!"

(पुन्हा बसतो. आवाज उतरवतो.)

शेवटी सापडलं कुठी? आमच्या गावात ट्रॅक्टरची वायरिंग करनारा एक मानूस हाय. त्याच्यापाशी मशीन नाई, एसी नाई, कॉफी नाई. एक टेस्टर, एक टॉर्च, दातात इडी. त्यानं कोड इचारला नाई. त्यानं इचारलं, "गाडी उभी कुठी करता?" म्हनलं, सोयाबीनच्या थप्पीपाशी, टिनाच्या खाली. त्यानं इडी फेकली आन सरका गाडीखाली गेला.

खालून आवाज आला, "भाऊ, टॉर्च धरा." मी वाकलो. एअर फिल्टरच्या मांगं, जथी ऊब असते तथी, घर! पोत्याचे सुतळीचे धागे गोल गुंडायलेले. त्याच्यात सोयाबीनच्या शेंगायचे फोलपटं. बायकोच्या लुगड्याचा काठ. एक मरून टिकली! आन मधात, मऊ करून अंथरेल, शोरूमचं इस्टिमेट. ड्रॉवरमधून नेलं व्हतं उंदरानं. पुरा कागद शाबूत, फक्त टोटल खाल्ली व्हती. त्यालेबी पाहवली नसन.

आन तथून खाली सेन्सरची वायर. दातानं सोललेली, तांब्याची एक तार उलीशी लटकून. गाडी हालली का टेके, हालली का सुटे. सुटली का लाईट लागे. वायरमननं तार जोडली, सोल्डर मारला, वरून टेप, आन बॅटरीचं टर्मिनल काहाडून वापस लावलं. किती झाले भाऊ? म्हने, "द्या दीडशे." मंग थो गेला, आन मी चाबी फिरवली.

(चावी फिरवतो. पिवळा बल्ब विझतो. तो बल्बाकडे पहिल्यांदा बघतो, टकटक करून बघतो, फुंकर मारून बघतो.)

गेली! आता पोट्टं म्हनते, "बाबा, सेन्सरचे साडेचार हजार इन्शुरन्सवाल्यायकडून घ्या. उंदरानं केलं नुकसान." म्हनलं, चाल.

(खिशातून फोन काढतो, कानाला लावतो.)

हॅलो? हाव मॅडम, क्लेम. हाव, गाडीचं नुकसान. कोनी केलं? उंदरानं. उं-द-रा-नं. नाई मॅडम, टक्कर नाई झाली, थो आत राहे. अज्ञात? अज्ञात कसा, घरचाच हाय. नाई, गाडी उभी व्हती. चालवत कोनीच नव्हतं. हाव, गाडीत थोच एकटा व्हता... काय? फॉर्ममधी लिहा लागते? गाडीत असनाऱ्याचं वय?

(फोनवर हात ठेवून, विंगेकडे ओरडत)

अवं! थो मोठा उंदीर आपल्या घरी कवापासून हाय वं?

(अंधार.)