झाकण

परवा आमच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी लिफ्टमध्ये माझ्या पिशवीत डोकं घालून "भेंडी काय भावानं मिळाली?" असं विचारलं. बायको दिवसभर धुसफुसत होती. मला काहीच वाटलं नाही. ज्याचं लहानपण कराडला माझ्या आजीजवळ गेलंय, त्याच्या दृष्टीनं हे गृहस्थ अजून उमेदवारीच करतायत. भेंडी तर वरच होती. आजीनं पिशवी उपडी करायला लावली असती.

आजीला झाकण म्हणून सोसायचं नाही. कुणाकडे हळदीकुंकवाला गेली तरी कुंकू लावून घ्यायच्या आधी स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यावरचं झाकण उचलायची. "गूळ आधीच घातलास होय?" एवढं म्हणून मग पाटावर बसायची. रेडिओची पाठ, शिवणयंत्राचं पोट, विजेच्या मीटरची पेटी, सगळं तिनं आतून बघितलं होतं. उघडलेली वस्तू ती जोडायचीही, फक्त दर वेळी एखादा स्क्रू उरायचा. तो डालड्याच्या रिकाम्या डब्यात जायचा. वस्तू पुन्हा चालू झाली, की तो स्क्रू कारखान्यानं उगाच घातला होता, असा तिचा निकाल.

घरात पहिला कुकर आला, तेव्हा पहिल्याच शिट्टीला तिनं झाकण ओढलं. ती कशी वाचली कोण जाणे, पण वरण छताला लागलं. चुन्याचे किती हात दिले तरी तो पिवळा डाग डोकं वर काढायचाच. मग आजोबांनी हॉकिन्स आणला. त्याचं झाकण आतल्या बाजूनं बसतं आणि वाफ जिरल्याशिवाय निघत नाही. जन्मात तेवढं एकच झाकण तिला पुरून उरलं. त्या कुकरला तिनं पुन्हा हात लावला नाही, सुनांनी लावायचा.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. सगळं कराड थंडीत कुडकुडत रस्त्यावर, आणि ही कंदील घेऊन परत आत. आजोबा बाहेरून ओरडतायत, तर आतून उत्तर आलं, "घड्याळ चार वीसला थांबलंय. झाकण काढून बघते, थांबा जरा."

एकदा पुण्याला जाताना खंबाटकीत एसटी तापली. ड्रायव्हरनं बॉनेट उघडलं आणि माझ्या पोटात गोळा आला. आजी तांब्या घेऊन केव्हाच खाली उतरली होती. "आजी, लांब व्हा, वाफ येईल!" "मला नको सांगूस, आमच्या छताला विचार." अर्ध्या तासानं गाडी हलली, तेव्हा तिला रेडिएटर समजला होता, शिवाय ड्रायव्हरच्या थोरल्या मुलीचं लग्न कुठे अडलंय तेही. माणसांचीही झाकणं ती अशीच उचलायची. पण एक सांगायला हवं. विचारून झाल्यावर उत्तर ऐकायला थांबणारी आमच्या घरात ती एकटीच होती. मला शाळेत काय शिकवलं हे बाबाही विचारायचे, पण पेपरातून मान वर न काढता.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यावरची पट्टी निघायच्या आत तिनं डॉक्टरांना विचारलं, "काढलंत ते दाखवा." त्यांनी बिचाऱ्यांनी ते बाटलीत घालून दिलं. भिजवलेल्या वालाएवढं, पिवळसर. पुढे कित्येक महिने आमच्याकडे आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी ती बाटली मिळायची.

आजीच्या पाठचे भाऊ कोयना प्रकल्पावर इंजिनिअर होते. आम्ही त्यांना मामाआजोबा म्हणायचो. डोंगराच्या पोटातलं पोफळीचं वीजघर दाखवायला ते तिला एकदा घेऊन गेले होते. भुयारातून आत नेलं, वरून कोसळणारं पाणी टर्बाइन कसं फिरवतं ते सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "याचं झाकण कधी काढता रे?" "मोठी दुरुस्ती निघाली की." "तेव्हा मला पत्र टाक."

तिच्या तेराव्याला पंगतीत आम्ही हेच सगळं आठवून हसत होतो. छताचा डाग झाला, बाटली झाली. मामाआजोबा म्हणाले, "वडिलांचं खिशातलं घड्याळ मी उघडलं होतं. जोडताना दोन चाकं उरली. रात्री माजघरात हिनं ती बसवली. सकाळी घड्याळ चालू बघून वडील खूश झाले. पोराला डोकं आहे म्हणाले, आणि मला पुण्याला इंजिनिअरिंगला घालायचं ठरलं. हिचं त्याच माघात लग्न करून दिलं."

थोडं थांबून म्हणाले, "टर्बाइन पुढे दोनदा उघडलं. पत्र टाकायचं राहिलंच."

तेवढ्यात वाढपी श्रीखंडाचं पातेलं घेऊन आला आणि आमच्या काकांनी त्याला हाक मारली, "अरे, साहेबांना वाढ आधी. आख्ख्या घराण्यात डोकं चाललं ते यांचंच."