फळ्यावरचा दिनविशेष : नवशिक्यांसाठी

शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाच्या गळ्यात पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी पडतात : पोषण आहाराची नोंदवही आणि फळ्यावरचा दिनविशेष. नोंदवहीत चूक झाली तर चौकशी लागते. दिनविशेषात झाली तर कुणाला पत्ताही लागत नाही, म्हणूनच ही विद्या मन लावून शिकावी.

साहित्य : रंगीत खडू, भिंतीवरचे कॅलेंडर आणि आधीच्या शिक्षकांनी मागे ठेवलेली वही. वही मिळाल्यास पुढे वाचायची गरज नाही. कित्येकांनी तेवढ्यावर निवृत्ती गाठली आहे.

सरावाला १ ऑगस्ट घेऊ. सनावळ जितकी जुनी तितका फळा भारदस्त दिसतो, तेव्हा आरंभ १२९१ पासून : स्वित्झर्लंडची स्थापना. ज्या सनदेवर हा दिवस उभा आहे तिच्यात फक्त ऑगस्टचा आरंभ एवढाच उल्लेख आहे. एक तारखेचा पहिला राष्ट्रीय सोहळा झाला तो सहाशे वर्षांनी, १८९१ साली. हे फळ्यावर लिहू नये. दिनविशेषाला ‘सुमारे’ चालत नाही.

मग १७७४. जोसेफ प्रीस्टली यांनी भिंगाने ऊन एकवटून पाऱ्याचे तांबडे ऑक्साइड तापवले आणि ऑक्सिजन मिळवला. स्वीडनच्या शीले यांना तो आधीच गवसला होता, पण त्यांचे पुस्तक छापून यायला १७७७ उजाडले. फळा नेहमी आधी छापणाऱ्याच्या बाजूने असतो.

१९१४ला जरा जपून. १ ऑगस्टला जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हा रशियात जुन्या पंचांगाप्रमाणे १९ जुलै चालू होता. म्हणजे तोफा एकाच वेळी धडाडल्या, तारखा मात्र दोन. एखाद्या चौकस मुलीने हात वर केलाच तर तिथीची आणि तारखेची अशा दोन शिवजयंत्यांची आठवण करून द्या. महाराष्ट्रात यापुढे समजावून सांगावे लागत नाही.

खरी परीक्षा १९२० साली. मध्यरात्र उलटल्यावर मुंबईच्या सरदारगृहात लोकमान्य टिळक गेले. त्याच दिवशी वाळवे तालुक्यातल्या वाटेगावात अण्णाभाऊ साठे जन्मले. त्यामुळे टेबल एक, तसबिरी दोन, हार दोन आणि ‘आदरणीय व्यासपीठ’पासून सुरू होणारी भाषणे मोजदादीपलीकडे. टरफलांची गोष्ट निदान चार मुले सांगतात. पहिल्याला टाळ्या मिळतात, चौथ्याला पाणी. त्यातच कुणीतरी एक सूर्य मावळून दुसरा उगवल्याचे सांगते. हे वाक्य शिकवावे लागत नाही, ते घरूनच येते.

ते खोडा. दीड दिवस शाळेत बसलेल्या, गिरणगावात कामगारांमध्ये वाढलेल्या, अमर शेख आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभारणाऱ्या अण्णाभाऊंनी ‘फकिरा’ अर्पण केली ती बाबासाहेबांच्या लेखणीला. त्यांना टिळकांच्या अस्ताचा उदय ठरवले की दोघेही लहान होतात. तारीख एक आहे, एवढेच.

गंमत अशी, की त्या दिवसाचा खरा धागा फळ्यावर येतच नाही. असहकाराची सुरुवात १ ऑगस्टला करायची हे आधीच ठरले होते. गांधीजी मुंबईतच होते. त्यांनी व्हाइसरॉयला पत्र लिहून कैसर-ए-हिंद सुवर्णपदक आणि झुलू व बोअर युद्धांतली पदके परत केली. त्यांच्या पत्रावर तारीख आहे १ ऑगस्ट १९२०. त्याच दिवशी त्यांनी टिळकांना खांदा दिला. आंदोलनाचा पहिला दिवस असा सुतकात उजाडला. इथे दोन घटना नुसत्या एका चौकटीत बसलेल्या नाहीत, एकमेकींना भिडल्या आहेत. पण टेबलावर तिसरी तसबीर मावत नाही.

१९४४चा वॉर्साचा उठाव वही एका ओळीत उरकते. तो ६३ दिवस चालला, निदान तेवढे तरी लिहा.

शेवटी महसूल दिन. महाराष्ट्रात महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होते, आणि फळ्यावरच्या सगळ्या ओळींत मुलांच्या घरी थेट पोचणारी हीच एक. तिला कोपऱ्यात ढकलू नका, बापाचा सातबारा तिच्यातच असतो.

शाळा सुटल्यावर फळा स्वच्छ पुसून ठेवा. उद्या २ ऑगस्ट : १९५४ साली सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटले, आणि त्या मोहिमेत गायक-संगीतकार सुधीर फडकेही होते.