कशावरून?

‘प्रस्तुत उताऱ्यातून लेखकाने ग्रामीण जीवनाचे विदारक वास्तव अत्यंत समर्पक शब्दांत चित्रित केले आहे.’ हे वाक्य नेमकं कोणत्या उताऱ्याखाली लिहायचं, असं जो विचारतो त्याला आपली परीक्षा कळलेलीच नाही. ते कुठेही लिहायचं असतं. ‘ग्रामीण’ काढून ‘मानवी’ घातलं की शहरी उताऱ्यालाही चालतं. याच वाक्यावर आमच्या दोन पिढ्या दहावी सुटल्या, नोकरीला लागल्या आणि निवृत्त होऊन आता व्हॉट्सॲपवरून देश चालवत आहेत. उतारा वाचण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना आमच्या गावच्या शाळेत सातवीला एक नव्या बाई आल्या. त्यांनी उतारा दिला. सदा नावाच्या शेतकऱ्याने बैल विकला, एवढीच गोष्ट. प्रश्न होता, सदाने बैल का विकला? पोरांनी रीतसर उत्तर लिहिलं, ‘कारण तो गरीब होता.’ आता यात चुकलं काय? धड्यातला शेतकरी गरीबच असतो, सावकार दुष्टच असतो आणि आजी प्रेमळच असते. मराठीच्या पुस्तकांवर वाढलेल्या कोणालाही हे पुस्तक न उघडता सांगता येतं. बाईंनी मात्र समासात लाल शाईने लिहिलं, ‘कशावरून?’

पोरं चक्रावली. त्यातल्या एकाने उतारा पुन्हा वाचला (ही खोड एकदा लागली की सुटत नाही म्हणे) आणि लिहून आणलं, ‘सदाने बैल विकला, कारण त्याच्याकडची वैरण दसऱ्यापर्यंतही पुरणार नव्हती, असे तिसऱ्या ओळीत म्हटले आहे. व्यापाऱ्याने भाव पाडून मागितला तरी तो लगेच हो म्हणाला, यावरून त्याची नड किती होती ते कळते.’ बाईंनी पैकीच्या पैकी दिले! उत्तर पूर्ण वाक्यात, पुरावा ओळीसकट, वर त्या पुराव्यातून काय निघतं तेही. पण ‘विदारक’ एकदाही नाही. असा मुलगा उद्या बोर्डात तगायचा कसा?

तसं बोर्डही सुधारलंय. दहावीला भाषेची आता प्रश्नपत्रिका नसते, कृतिपत्रिका असते. चौकटी भरा, आकृतिबंध पूर्ण करा आणि शेवटी स्वमत लिहा. स्वमत म्हणजे विद्यार्थ्याचं स्वतःचं मत. ते सुचण्यात त्याचा वेळ जाऊ नये म्हणून फळ्यावर लिहून देतात. ज्याला फळा दिसत नाही त्याच्यासाठी गाइडात छापलेलं असतं. सगळ्या वर्गाचं स्वतःचं मत काना-मात्रेसकट एकच निघतं. याहून मोठी राष्ट्रीय एकात्मता दाखवा!

बाहेरच्यांना याची कदर नाही. पंधरा वर्षांच्या मुलांसाठी ‘पिसा’ नावाची एक आंतरराष्ट्रीय चाचणी असते. तिच्या २००९च्या फेरीत आपली तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही दोन राज्यं बसली आणि यादीच्या तळाशी गेली. वाचलेल्या मजकुरात उत्तर शोधा, त्याच्याच आधाराने पटवून द्या, असले प्रश्न विचारल्यावर दुसरं काय होणार? आपणही बाणेदारपणे सांगितलं, प्रश्न आपल्या मातीतले नव्हते. पुढे २०१२, २०१५ आणि २०१८ या तिन्ही फेऱ्यांना आपण बसलोच नाही. न बसणारा नापास होत नाही, हे आपल्याकडच्या कुठल्याही रिपीटरला ठाऊक आहे.

पण बाईंचा खरा धोका शाळेपुरता नाही. पोरं घरी येतात. परवा एकाचे वडील जेवताना मोबाइलमधून वाचून दाखवत होते, की युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलं. चिरंजीव म्हणाले, ‘कशावरून?’ वडिलांच्या हातातला घास हातातच राहिला. ग्रामसभेत सरपंचांनी ‘रस्त्याचं काम प्रगतिपथावर आहे’ असं सांगितलं, तर खिडकीतून एक बारीक आवाज आला, ‘कोणत्या रस्त्याचं?’

हीच पोरं उद्या विधानसभेतली तारांकित प्रश्नांची उत्तरं वाचू लागली म्हणजे? तिथे ‘हे खरे आहे काय?’ या प्रश्नाला ‘हे अंशतः खरे आहे’ असं छापील उत्तर येतं. कोणता अंश, ते ज्याचं त्याने समजून घ्यायचं. विलंबाची कारणं काय, असं विचारलं तर ‘प्रश्न उद्भवत नाही.’ बाईंच्या वर्गात याला भोपळा मिळेल. मंत्रालयात यावर खाती चालतात. एका शिक्षिकेच्या हट्टापायी अख्खी राज्ययंत्रणा सातवीत नापास करायची का, याचा विचार झाला पाहिजे.

तेव्हा पालकहो, शाळा व्यवस्थापन समितीच्या येत्या सभेला अवश्य या. बाईंच्या बदलीची मागणी करणारा ठराव तयार आहे. सूचक मी आहे, अनुमोदक हवा आहे. कारणाच्या रकान्यात ‘विद्यार्थ्यांचे व्यापक हित’ असं लिहिलंय. कशावरून, ते कृपया सभेत कोणी विचारू नये.