वैराग्यास एक ‘य’ कमी

सोलापूरहून बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेल्या वैराग या गावाच्या नावास आणखी एक ‘य’ लाभला असता, तर संसार सोडल्याचे पुण्य गावकऱ्यांना जन्मतःच मिळाले असते. तो न लाभल्यामुळे तेथे बाजार भरतो, एसटी थांबते आणि संसार सुखाने चालतो. एकांताचा महिमा गाणाऱ्या रूसोच्या उत्तरायुष्यातील आत्मपर लेखनावर चर्चासत्र, म्हणजे अनेकांनी एकत्र जमून एकेकट्याने बोलण्याचा कार्यक्रम, भरवायचे ठरल्यास याहून समर्पक स्थळ सुचणे कठीण असून, पुढील प्रवास अशाच एका कल्पित चर्चासत्राचा आहे.

सोलापूरच्या बसस्थानकावर विद्वानांच्या एकांताची पहिली परीक्षा होते. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणे, ही मालकी सिद्ध करण्याची सर्वमान्य रीत होय. जमिनीला कुंपण घालून ती आपली म्हणणारा पहिला माणूस आणि त्याच्यावर विश्वास ठेवणारे भोळे लोक यांच्यापासून नागर समाजाचा आरंभ होतो, असे रूसोने १७५५ साली विषमतेवरील प्रबंधात मांडले होते. त्याचा पडताळा येथे दर अर्ध्या तासाला येतो. खुद्द रूसोनेही एकदा असा रुमाल टाकून पाहिला. स्वतःच्या बचावार्थ लिहिलेल्या संवादांचे हस्तलिखित पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चच्या वेदीवर ठेवून थेट ईश्वराकडे दाद मागावी, या हेतूने तो २४ फेब्रुवारी १७७६ रोजी तेथे गेला असता आतील जाळीचे दार बंद आढळले.

त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला पॅरिसजवळ एका घोडागाडीपुढे धावणाऱ्या दांडग्या कुत्र्याने त्याला उलथवून पाडले, आणि शुद्धीवर येताना आपण कोण व कोठे आहोत याचा विसर पडल्याने त्याला अपूर्व शांतता लाभली. गतिरोधकाच्या दणक्याने जागा झालेला प्रवासी ‘वैराग गेलं का?’ असे विचारतो, तेव्हा त्याची अवस्था तत्त्वतः हीच असते. फक्त शांतता तेवढी लाभत नाही.

हा प्रसंग ज्या ग्रंथात येतो, तो ‘एकाकी फिरस्त्याची चिंतने’, १७७६ ते १७७८ या काळात लिहिला गेला आणि लेखकाच्या मृत्यूनंतर १७८२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रकरणांना ‘फेरफटके’ म्हटले असून त्यांची काही टिपणे रूसोने खेळण्याच्या पत्त्यांवर केली होती, ही माहिती सभागृहातील श्रोत्यांना ग्रंथाविषयी प्रथमच आपुलकी वाटायला लावते. दहा फेरफटक्यांसाठी दहा निबंधवाचक नेमलेले असतात. तथापि दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ आणि स्वागताध्यक्षांचे मनोगत यांत सकाळ सरते, व शेंगाचटणी आणि कडक भाकरीच्या भोजनानंतर पाचव्या फेरफटक्यातील सरोवराकाठच्या तंद्रीचे प्रात्यक्षिक श्रोतेच देऊ लागतात.

दहावा फेरफटका रूसोच्या हातून अपुरा राहिला, कारण २ जुलै १७७८ रोजी मृत्यू आला. दहावा निबंध तर सुरूच होत नाही, कारण सोलापूरची गाडी आलेली असते. इतर विद्वान धावत सुटतात. निबंध पिशवीतच राहिलेला तो दहावा वाचक मात्र गाडी चुकल्याने ओढ्याच्या दिशेने एकटाच चालू लागतो, आणि दिवसभरात रूसोच्या वाटेने पडलेले हे पहिलेच पाऊल असते. दुसरे पडण्याआधी पारावरून विचारणा होते, ‘पाव्हणं, कुणाकडं आलाव?’, आणि पाठोपाठ चहाही येतो.