समरूप त्रिकोण कृतीतून कसे शिकवावेत : शिक्षकांसाठी सुरक्षित पद्धत

दहावीच्या भूमितीतला पहिलाच धडा समरूपतेचा, आणि तो कृतीतून शिकवा असा वरून आग्रह. घाबरू नये. योग्य ती खबरदारी घेतल्यास कृती यथासांग पार पडते आणि मुलांच्या डोक्याला कसलाही त्रास होत नाही.

प्रथम वही पूर्ण करून घ्यावी. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष हे सगळे सोमवारी फळ्यावरून उतरवून घ्यावे आणि कृती गुरुवारी करावी. अंतर्गत मूल्यमापनाच्या २० गुणांसाठी वही तपासली जाते, त्रिकोण कोणी तपासत नाही.

मग कार्डशीट. प्रत्येकाने हव्या त्या मापाचा, पण ५०, ६० आणि ७० अंशांचा त्रिकोण कापावा. शेजाऱ्याच्या त्रिकोणाशी संगत बाजूंची गुणोत्तरे काढली की १.४७, १.५, १.५३ असे काहीतरी येते. पेन्सिलीचे टोक जाड, कोनमापक अर्ध्या अंशाने सरकलेला, कात्री रेषेच्या आतून गेलेली. यातल्या कशाने किती फरक पडला यावर अख्खी तासिका रंगू शकते. म्हणूनच खोडरबर हाताशी ठेवावा. तिन्ही ठिकाणी १.५ लिहावे.

धोका पुढेच आहे. कोको कसोटी सांगून होताच मागच्या बाकावरून प्रश्न येतो : ‘‘सर, चौकोनालाही हे चालतं का?’’ पोरगा समोरच्या फळ्याकडे आणि खालच्या चौरस फरशीकडे बोट दाखवतो. दोन्हींचे चारही कोन काटकोन, पण आकार सारखा कुठे आहे? कोन जुळले की बाजू आपोआप प्रमाणात येतात ही मिजास एकट्या त्रिकोणाची, आणि ती का, हा या धड्यातला सर्वांत चांगला प्रश्न. त्यावर ‘परीक्षेला नाही’ हे रामबाण उत्तर आहे. दुसरी एखादी दुप्पट बाजूंच्या त्रिकोणात लहान त्रिकोण दोन नव्हे, चार बसवून दाखवते. तिला खाली बसवावे. क्षेत्रफळांचे प्रमेय धड्याच्या शेवटी आहे.

आता मैदानात, ध्वजस्तंभाची उंची मोजायला. एक मीटरची काठी उभी करून तिची आणि खांबाची सावली एकाच वेळी मोजायची असते. काठीची पहिल्या तासाला आणि खांबाची मधल्या सुट्टीनंतर मोजल्यास सूर्य थांबत नाही. भर दुपारी सावलीच नाहीशी होण्याचा दिवस महाराष्ट्रात मे महिन्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा येतो. एकदा सुट्टी, एकदा ढग, त्यामुळे त्यावरचे प्रश्न टळतात. सावली खांबाच्या बुंध्यापासून मोजायची की चौथऱ्याच्या कडेपासून, यावर मात्र भांडण ठरलेले. थेल्सने पिरॅमिडची उंची सावलीवरून काढली म्हणतात, त्यालाही हाच घोळ निस्तरावा लागला असणार : गिझाच्या मोठ्या पिरॅमिडचा पाया सुमारे २३० मीटरचा, म्हणजे बुंधा कडेपासून ११५ मीटर आत. थेल्सचे नाव घेऊन पुढे जावे, पायाचे नाव काढू नये.

आरशाची रीत शक्यतो टाळावी. जमिनीवर आरसा ठेवून मागे सरकत गेले की एका जागी खांबाचे टोक त्यात दिसते आणि मुले ओरडतात. शेजारच्या वर्गातून तक्रार येते. शिवाय उत्तरे जुळत नाहीत. काठीची सावली ७५ सेंटिमीटर, खांबाची ५.४ मीटर, म्हणून उंची ७.२ मीटर. आरशापासून खांब ५ मीटर, मुलगी १ मीटर, तिचे डोळे १३६ सेंटिमीटरवर, म्हणून ६.८. दोन गट हमरीतुमरीवर येतात. अशा वेळी सोमवारची वही उघडून त्यात ७ मीटर हे उत्तर आधीच लिहिलेले आहे, हे शांतपणे दाखवावे.

तरीही एखादी मुलगी, खांब बसवला तेव्हा पाइप किती लांबीचा आणला होता, हे विचारायला परस्पर शिपाईमामांकडे जाईल. मामांना सकाळीच सांगून ठेवावे.