कॅसिनोबाहेरचा हवालदार

चाकणहून पणजीला निघालेल्या गाडीची पहिली परीक्षा तळेगाव चौकात होते. पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-शिक्रापूर रस्ता इथे एकमेकांना छेदतात. कंटेनर, कंपन्यांच्या बस, कांद्याचे ट्रक आणि उलट्या बाजूने घुसलेल्या दुचाकी यांची अशी काही गाठ बसते, की ती सोडवताना हवालदार एका हाताने कंटेनर थोपवतो, दुसऱ्याने दुचाकीची चावी काढतो आणि शिट्टी तोंडात ठेवूनच तिसऱ्याचा उद्धार करतो. १६६०मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाईस्तेखानाला याच चाकणात पन्नासहून जास्त दिवस अडकवून ठेवलं होतं. ही परंपरा गावाने सोडलेली दिसत नाही.

आंबोली उतरून पणजी गाठावी, तर शनिवारी रात्री दयानंद बांदोडकर मार्गावरही हवालदार शिट्टीच फुंकत असतो. कंटेनरांऐवजी भाड्याच्या गाड्या आणि शेजारी मांडवीत झगमगणारी कॅसिनोची जहाजं, एवढाच काय तो बदल. म्हणूनच म्हणतो, कॅसिनोच्या परिसरातल्या पोलिसाचं खरं वैर जुगाराशी नसतंच. ते जुगाऱ्याच्या गाडीशी असतं. आत जागोजागी कॅमेरे, दारात धिप्पाड रखवालदार. तिथे आवाज चढवणाऱ्याला पोलिसांच्या आधी मालकच बाहेर काढतो, कारण भांडणाने धंदा बसतो. जुगार कायद्यातल्या १९९६च्या दुरुस्तीने गोव्याने पत्त्यांची टेबलं जहाजावर मांडायला परवानगी दिली आणि जुगार पाण्यात गेला. जुगारी मात्र पोहत जात नाही. तो गाडीने येतो, मिळेल तिथे ती लावतो, धक्क्यावरून लहान बोटीने जहाज गाठतो, पॅकेजमधली दारू वसूल करून पहाटे परततो आणि ‘साहेब, माझी गाडी?’ असं हवालदारालाच विचारतो.

यावर कुणी म्हणेल, मुळात जुगारच बंद ठेवला तर ही कटकटच नको. महाराष्ट्राने तेही करून पाहिलं. कॅसिनोंना परवाने देणारा १९७६चा कायदा केला खरा, पण तो कधी अमलात आणला नाही आणि २०२३मध्ये रद्द करून टाकला. उभ्या राज्यात कायदेशीर कॅसिनो एकही झाला नाही. तरी तळेगाव चौक काही मोकळा झाला नाही, आणि तीन पत्तीही थांबली नाही. तिच्यासाठी १८८७चा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच. छापा पडतो, खेळणारे उसात पळतात आणि पंचनाम्यात पत्ते, रोकड, मोबाइल आणि मागे राहिलेल्या दुचाकी येतात. इथेही हाती लागतं ते शेवटी वाहनच.

जुगाराने संसार बुडतात, हा आक्षेप मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाही. गोवा सरकारलाही तो पटलेला दिसतो, कारण फेब्रुवारी २०२०पासून कॅसिनोत गोवेकरांनाच मज्जाव आहे. चाकणकराला एकवीस पूर्ण असली की पायघड्या. म्हणजे धोका मान्य, फक्त तो पाहुण्यांनी आपापल्या गावी घेऊन जायचा! हरलेल्याचा हप्ता थकतो तो चाकणच्या पतसंस्थेत, घरातला तंटा जातो चाकणच्या ठाण्यात, आणि पणजीच्या हवालदाराच्या वाट्याला येते ती फक्त नो-पार्किंगमध्ये लावलेली त्याची गाडी.