फोनची कामं कागदावर

एडिसन, न्यू जर्सी
जुलै महिना

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

इकडे सगळं क्षेम. हेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर बाबांनी न वाचताच पुढे ढकललं असतं आणि संध्याकाळी आत्याकडून फिरून मलाच आलं असतं, म्हणून कागद-पेन घेऊन बसले. हल्ली आपला अर्धा कॉल ‘आवाज येतोय का’मध्ये जातो, उरलेला ‘ते बटण कुठे गेलं’मध्ये. गप्पा राहूनच जातात. तेव्हा फोनची कामं एकदाची इथे उरकते.

आधी घड्याळ. बाबा, तुम्ही जेवून दुपारी एकला फोन लावता तेव्हा इथे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. वर विचारता, ‘‘झोपली होतीस का गं?’’ फोनच्या घड्याळात ‘वर्ल्ड क्लॉक’ असतं, त्यात न्यूयॉर्क टाका. आमची वेळ तीच. उन्हाळ्यात आम्ही साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी इथली घड्याळं तासभर पुढे जातात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे येतात. हा हिशेब फोनला करू द्या.

दुसरं, ‘फोन भरला’. तो शुभ सकाळच्या गुलाबांनी भरतो, बाबा! व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’त जाऊन फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. तिथेच ‘मॅनेज स्टोरेज’मध्ये जड व्हिडिओ वेगळे काढून दाखवतात. तुमच्या नातीच्या, ईराच्या बारशाचा ठेवा, गुडघेदुखीवरचे रामबाण उपाय पुसा.

आई, कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोललं की आपोआप टाइप होतं, हे तू स्वतः शोधलंस, शाबास! पण तो माइक घरातलं सगळंच ऐकतो. तुझी कटाच्या आमटीची कृती अशी आली: ‘‘कट पातळ करून त्यात गोडा मसाला अहो दार उघडा की केव्हाची बेल वाजतेय चिंच आणि गूळ घाल.’’ तुमच्या जावयांनी ती मोठ्याने वाचून दाखवली आणि बेल कोणत्या डब्यात असते म्हणून विचारलं. पाठवण्याआधी एकदा वाचत जा.

बटण सापडत नसेल तर व्हिडिओ कॉलवर ‘स्क्रीन शेअर’ करा, म्हणजे तुमचा फोन मला इथे दिसेल. मात्र हे फक्त घरच्यांबरोबर. अनोळखी माणूस स्क्रीन दाखवा म्हणाला, की कॉल बंद. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. तो द्यायला लागतो. आणि ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची अटक कायद्यात नाही, समोरचा कितीही कडक गणवेशात असो. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच 1930 ला फोन करा.

आता आमच्या घरातली सुधारणा. वाणसामानाची एकच यादी आम्ही ‘गूगल कीप’मध्ये ठेवली आहे. कुणीही भर घातली की ती सगळ्यांच्या फोनवर दिसते. पूर्वी जावईबापू ओक ट्री रोडवरच्या दुकानातून फोन करायचे, ‘‘पोहे आणायचेत का?’’ आता यादीत ‘पोहे, जाडे’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. त्यामुळे ते फोन करून विचारतात, ‘‘जाडे म्हणजे किती जाडे?’’ शिवाय ईरा रोज त्या यादीत आइस्क्रीम घालते, मी रोज पुसते.

रविवारी सकाळी साडेसातला, म्हणजे आमच्या शनिवारी रात्री दहाला, फोन करते. पिन, पासवर्ड, सेटिंग्ज यांतलं काहीही विचारायचं नाही. शेजारच्या काकूंच्या मुलाचं लग्न जमलं का, आणि जमलं तर कुणी मोडता घातला नाही ना, ते तयार ठेवा. ही माहिती अजून कुठल्याच अ‍ॅपवर मिळत नाही.

तुमची लाडकी,
चिमी